माझा अनुभव : ‘एकाच बाजारात’ अडकलेले माझे ४० हार्नेस

२०२४च्या दिवाळीत मैत्रिणीने चकल्यांचं पार्सल पाठवलं. ती शेजारच्या देशात राहते, आमच्या ग्राहकाच्या वर्कशॉपपासून वीसेक किलोमीटरवर. सोमवारी तिने पार्सल टाकलं, बुधवारी दुपारी माझ्या दारात, एकही चकली मोडली नव्हती (बरं, दोन मोडल्या होत्या). ना कुणी उघडून बघितलं ना कुणी फॉर्म मागितला. त्याच रस्त्याने फक्त उलट दिशेला मला ४० वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे बांधलेले गुच्छ, पाठवायचे होते आणि ते तेव्हा सहा महिने माझ्या टेबलाखाली खोक्यात पडून होते. खोक्यावर पाय ठेवून बसायची सवय लागली होती मला.

म्हणून हे लिहितेय. इकडे युरोपात राहणाऱ्या, छोट्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या कुणाला संरक्षण खात्याच्या कामात हात घालायची वेळ आली तर उपयोगी पडेल. देशाचं नाव, ऑफिसचं नाव लिहीत नाही, मला अजून इथेच नोकरी करायचीय.

मी मूळची चिंचवडची. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत परचेसला होते, आमचे टर्निंगचे पार्ट संरक्षण कारखान्यांत जायचे, त्यामुळे टेंडर, ईएमडी (टेंडरची अनामत), इन्स्पेक्शनवाल्या साहेबांची वाट बघत चहा थंड होणं हे सगळं अंगवळणी पडलेलं. इकडे आल्यावर साठ माणसांच्या एका कंपनीत लागले. आम्ही हार्नेस बनवतो, कनेक्टरसकट. फायरब्रिगेडच्या गाड्या, क्रेन आणि अधूनमधून लष्करी गाड्या. आई फोनवर विचारते, अगं तोफाबिफा करता का तुम्ही? नाही गं आई, वायरी जोडतो.

काम असं होतं. शेजारच्या देशाच्या सैन्याने जुन्या चिलखती गाड्या नव्याने सज्ज करायचं कंत्राट तिकडच्या एका कंपनीला दिलं, त्या कंपनीने हार्नेस आमच्याकडून घ्यायचं ठरवलं. २०० नग गाड्यांत बसवायला, ४० स्पेअर. कोटेशन, सॅम्पल, ऑडिट, भावाची घासाघीस, जानेवारी ते एप्रिल, सगळं सुरळीत. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

हां, एक आहे, विसरायच्या आत सांगते. अशी कामं शोधायची तर युरोपियन युनियनच्या टेंडर पोर्टलवर, टेडवर, ज्यांचा मालाचा कोड ३५ने सुरू होतो त्या जाहिराती बघा, पण तिथे फक्त मोठ्याच दिसतात. २००९चा जो संरक्षण खरेदीचा निर्देश (डिरेक्टिव्ह, म्हणजे युनियनचा नियम, जो प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा) आहे, ८१ नंबरचा, त्यात मालाच्या खरेदीला मर्यादा आहे, २०२४मध्ये ती ४,४३,००० युरो होती, त्याच्या खालचं काम सगळ्या युरोपाला दाखवायचं बंधन नाही. युरोपियन आयोगाने, म्हणजे युनियनच्या सरकारासारख्या संस्थेने, २०२५च्या जूनमध्ये प्रस्ताव आणला की ही मर्यादा ९ लाख करा. म्हणे कागदपत्रं कमी होतील. होतील की, पण आमच्यासारख्या साठ माणसांच्या कंपनीला झेपतील अशी टेंडरं दिसायचीच बंद होतील त्याचं काय. म्हणून मोठं कंत्राट कुणाला मिळालं ती निकालाची नोटीस वाचा आणि त्या कंपनीच्या परचेसला सरळ फोन लावा. आम्ही तेच केलं.

तर पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली आणि मी खुशीत डिस्पॅचची तारीख टाकली. आमच्याकडचे एक जुने सहकारी, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, माझ्याकडे बघून नुसते हसले. म्हणाले, परवाना?

मी म्हटलं कसला परवाना, युनियनच्या आतच तर जायचाय माल, मध्ये बॉर्डरवर साधी चौकीसुद्धा नाही!

इथे थोडं मागे जावं लागेल. १९५७च्या रोमच्या करारापासून एक कलम आहे, आता त्याचा नंबर ३४६. त्याचा साधा अर्थ असा की शस्त्रं, दारूगोळा, युद्धसामग्री यांच्या बाबतीत कुठल्याही देशाला आपल्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटेल ते करायला मुभा. त्यातल्या वस्तूंची यादी १९५८ची. म्हणजे टोमॅटो, टीव्ही, चकल्या सगळ्यांचा एक बाजार झाला पण शस्त्रांचा नाही, ती ज्याची त्याने आपल्या कपाटात ठेवली. पन्नास वर्षं असंच चाललं. मग २००९मध्ये दोन निर्देश आले, एक वर सांगितला तो खरेदीचा आणि दुसरा ४३ नंबरचा, सदस्य देशांमध्ये लष्करी माल हलवण्याचा. माझं सगळं रामायण या दुसऱ्यातलं.

त्यात परवान्याचे तीन प्रकार. जनरल, म्हणजे सरकारने आधीच छापून ठेवलेला, अटीत बसत असाल तर नाव नोंदवा आणि पाठवा. ग्लोबल, म्हणजे अर्ज करून तीन वर्षांसाठी घ्यायचा. आणि इंडिव्हिज्युअल, म्हणजे अमुक माल, तमुक नग, एक ग्राहक. जनरल मिळाला तर चांदी. पण तो चालतो समोर सैन्य असेल तर, नाहीतर समोरची कंपनी सर्टिफाइड, म्हणजे तिच्या सरकारने तपासून मान्यता दिलेली, असेल तर. सर्टिफाइड कंपन्यांची यादी ऑनलाइन आहे, सर्टिडर नावाची, ती मी उघडली आणि आमचा ग्राहक त्यात नव्हता. विचारलं तर म्हणे हो, करायचं करायचं म्हणून राहून गेलं. ही यादी कोटेशन द्यायच्या आधी बघा. आधी!

मग मी जरा हुशारी करायला गेले. एक निकाल वाचला होता, २०१२चा, फिनलंडच्या सैन्याने घेतलेल्या एका फिरत्या टेबलाबद्दल, मोजमापं घ्यायचं टेबल. युरोपच्या कोर्टाने सांगितलं की केवळ सैन्य वापरतं म्हणून वस्तू लष्करी होत नाही, ती मुळात त्या कामासाठी खास घडवलेली किंवा बदललेली असावी लागते. मला वाटलं झालं की, वायरी त्या वायरी, फायरब्रिगेडला पण त्याच जातात! इंजिनिअरकडे गेले. तो म्हणाला शिल्डिंग, म्हणजे वायरींवरचं बाहेरचा व्यत्यय रोखणारं आवरण, याच गाडीसाठी डिझाइन केलंय, लांबी याच गाडीची, कनेक्टर याच गाडीचे. माझी हुशारी दुपारच्या जेवणापर्यंत टिकली. युनियनची लष्करी मालाची वेगळी यादी आहे, त्यात सहावी ओळ, लष्करी वाहनं आणि त्यांचे भाग, तिथे गेलो आम्ही.

मेच्या पहिल्या आठवड्यात इंडिव्हिज्युअलचा अर्ज टाकला. २४० नग एकाच अर्जात. हीच ती चूक, पण तेव्हा कळलं नाही.

सहा आठवडे काहीच नाही. मग एक पत्र. पत्र हां, मेल नाही. २०० बद्दल एक शब्द नाही, ४० स्पेअरसाठी ‘अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र’ द्या, मूळ प्रत, शाईच्या सहीने, शिक्क्यासह. म्हणजे ग्राहकाच्या देशाच्या सरकारने लिहून द्यायचं की हा माल आम्हीच वापरणार.

मी ग्राहकाला फोन केला. ते म्हणाले आम्ही कंपनी आहोत, सरकार नाही, सैन्याच्या खरेदी कार्यालयाला विचारा. सैन्याच्या कार्यालयाला विचारलं, तिथली बाई फार गोड बोलली, म्हणाली तुमच्याशी आमचं कंत्राटच नाही हो, आम्ही गाड्या घेतोय, वायरी नाही, वायरींचं प्रमाणपत्र कसं देणार. परत आमच्या परवाना ऑफिसला फोन. तिथे सांगितलं, प्रमाणपत्र नसेल तर अर्ज अपूर्ण. म्हटलं ज्यांनी द्यायचं ते म्हणतात आम्ही देत नाही. म्हणे तसं त्यांच्याकडून लेखी आणा. ‘आम्ही देत नाही’ असं लेखी! भोसरीत असते तर दोन समोसे घेऊन जाऊन समोर बसले असते. इथे फोन सकाळी नऊ ते अकरा, तेही मंगळवार आणि गुरुवारीच.

आणि मग जुलै आला. ज्यांनी युरोपात एकदा तरी जुलै-ऑगस्टमध्ये सरकारी काम काढलंय त्यांना पुढचं सांगायला नको. फाइल ज्यांच्याकडे ते चार आठवडे सुट्टीवर, त्यांच्या जागी जे तात्पुरते होते त्यांना फाइल बघता येत होती पण शेरा मारता येत नव्हता. मी दर मंगळवारी फोन करायचे. शेवटी शेवटी ते माझा आवाज ओळखायला लागले, ‘हां, त्या वायरी’ म्हणायचे.

ऑगस्टच्या अखेरीला दुसरं पत्र. आता नवीन शंका, या गाड्या उद्या सैन्याने तिसऱ्या देशाला विकल्या तर? तेव्हा आमच्या सरकारची परवानगी घेऊ असं ग्राहकाने लिहून द्यावं. ग्राहकाचा वकील भडकला. त्याचंही अगदीच चूक नव्हतं, कारण २०१८मध्ये जर्मनीने सौदीला जाणारा माल अडवला तेव्हा दुसऱ्या देशांत बनणाऱ्या शस्त्रांतले जर्मन भाग पण अडकले होते, तेव्हापासून इकडच्या धंद्यात ‘जर्मन-फ्री’ असा शब्दच आहे, म्हणजे एकही जर्मन भाग नसलेला माल. पुढे २०१९मध्ये जर्मनी आणि फ्रान्सने आपसात ठरवलं की भाग २० टक्क्यांच्या आत असतील तर साधारण अडवायचं नाही. पण आमचे दोन्ही देश त्या करारात नाहीत. आणि आमची वायर गाडीच्या किमतीच्या किती टक्के? मी हिशोब करून बघितला, शून्यावर पॉइंट आणि मग पुढे बरंच काही.

सप्टेंबरात मी गणपतीला चिंचवडला आले. लॅपटॉप ऑफिसात ठेवून. हे पण लक्षात ठेवा, गंमत नाही, लष्करी यादीतल्या वस्तूची ड्रॉइंगं सुद्धा यादीतच असतात, २२वी ओळ, तंत्रज्ञान. ती लॅपटॉपमध्ये घेऊन मुंबईच्या विमानात बसलात की तो युनियनबाहेरचा एक्स्पोर्ट झाला, वेगळा परवाना. आमच्या एका सहकाऱ्याला सुट्टीवर जाताना हे माहीत नव्हतं, नशिबाने निघायच्या आदल्या दिवशी कळलं.

तर गौरी जेवल्या त्या दिवशी, घरभर पाहुणे, मी कोपऱ्यात मोबाइलवर बातमी वाचत होते. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल दोनच दिवसांपूर्वी आला होता. त्यात होतं की जून २०२२ ते जून २०२३ या वर्षात ७५ अब्ज युरोच्या संरक्षण खरेदीतले ७८ टक्के पैसे युनियनच्या बाहेर गेले, सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेला. युरोपात बारा प्रकारचे रणगाडे, अमेरिकेत एक. युक्रेनला एकाच मापाच्या गोळ्याच्या दहा प्रकारच्या तोफा दिल्या. तज्ज्ञ लोक म्हणतात, एकत्र खरेदी करा, एक बाजार करा. मला तिथेच ओरडावंसं वाटलं, अहो करा ना, माझे ४० हार्नेस टेबलाखाली आहेत! मावशी म्हणाली, काय गं, नोकरीचं टेन्शन? पुरणपोळी घे अजून.

परत आल्यावर एका रात्री चिडून तो ४३ नंबरचा निर्देश मूळ, पूर्ण वाचून काढला. खरं तर मेमध्येच वाचायला हवा होता, मी फक्त परवान्यांचे प्रकार वाचून सोडला होता. चौथ्या कलमाच्या आठव्या भागात लख्ख लिहिलंय. मालाचे भाग असतील, आणि ग्राहकाने लिहून दिलं की हे भाग आम्ही आमच्याच उत्पादनात बसवतो आणि ते सुटे असे पुढे पाठवणार नाही, तर भाग संवेदनशील नसल्यास देशाने पुढच्या निर्यातीचं बंधन घालू नये. आणि त्याच वाक्याच्या शेपटीला, ‘देखभाल किंवा दुरुस्तीसाठी असेल तर सोडून’. म्हणजे दुरुस्तीसाठी सुटे भाग पुढे दिले तरी चालतं, म्हणजे माझे स्पेअर! रात्री साडेअकराला मी नवऱ्याला उठवून वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला छान, आणि कूस बदलली.

एक पानी पत्र लिहिलं. एकच पान, कारण दोन पानी पत्राचं दुसरं पान कुणी वाचत नाही हे मी भोसरीत शिकले. उत्तर आलं, निर्देश देशांसाठी असतो, आम्ही देशाच्या कायद्यावर चालतो. बरं. देशाचा कायदा उघडला. त्यातही तेच वाक्य होतं, जसंच्या तसं, फक्त भलत्याच प्रकरणात. प्रॉब्लेम कायद्याचा नव्हताच, फॉर्मचा होता. फॉर्मवर दोनच खुणा, ‘उत्पादनात बसवणार’ किंवा ‘अंतिम वापर’. स्पेअरला खूणच नाही. मग ज्याला काही सुचत नाही तो अंतिम वापरवर टिक मारतो आणि अंतिम वापर म्हटलं की प्रमाणपत्र. पाच महिने एका चौकोनासाठी!

पुन्हा पत्र, यावेळी देशाच्या कायद्याचं कलम. आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला फोन केला, वरच्या कुणीतरी बाई होत्या, फार शांत बोलल्या. म्हणाल्या अर्ज मागे घ्या, दोन करा. २०० वेगळे, ४० वेगळे, आणि ४०च्या घोषणेत ‘देखभाल आणि दुरुस्ती’ हे शब्द आणि गाडीचा प्रकार लिहा. पुढच्या निर्यातीच्या पत्राचं काय, मी विचारलं. त्याची गरज नाही, त्या म्हणाल्या. इतकंच. गरज नाही.

२०० नगांचा परवाना नवव्या दिवशी आला. सप्टेंबर संपत होता.

४० मात्र अजून सात आठवडे. कारण ग्राहकाच्या घोषणेवर ज्यांची सही होती ते गृहस्थ तोपर्यंत रिटायर झाले होते आणि कंपनीच्या नोंदवहीत सही करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नवीन सही, नवीन शिक्का, शपथेवर काम करणाऱ्या भाषांतरकाराकडून भाषांतर, ते पुन्हा पोस्टाने. सही करणाऱ्याचं नाव नोंदवहीत आहे ना ते पहिल्या दिवशी बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

चकल्या आल्या त्या आठवड्यातही खोकं टेबलाखालीच. नोव्हेंबरच्या मध्यात परवाना आला, मी स्वतः खोकं उचलून गाडीत ठेवलं. ड्रायव्हरने विचारलं काय आहे, मी म्हटलं वायरी. संध्याकाळी त्याचा मेसेज, पोचलं. मध्ये कुणी थांबवलंसुद्धा नाही त्याला. अगदी खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं, मग लगेच स्वतःचा राग आला.

कागद मात्र जपून ठेवा, कधी काय पाठवलं, कुणाला, किती, वर्ष संपल्यापासून निदान तीन वर्षं, तपासणीला येतात. आणि पीओमध्ये डिलिव्हरीचे दिवस परवाना मिळाल्या तारखेपासून मोजायचे असं लिहून घ्या. आम्ही लिहिलं नव्हतं. दंड किती बसला ते सांगत नाही, साहेब अजून तो विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात.

आपल्यासारख्यांसाठी वेगळं एक. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे गोपनीय शिक्क्याची ड्रॉइंगं माझ्यापर्यंत येत नाहीत, अशा फाइलीचं काम दुसरा करतो. वाईट वाटून घेऊ नका, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तरी कुणी परदेशी माणसाला गेटच्या आत सोडलं असतं का. मुलाखतीतच विचारून घ्या पण, नाहीतर निम्मं काम दाराबाहेरून करावं लागतं.

आणि आता नवीन प्रश्नपत्रिका येतेय. २०२५च्या मेमध्ये युनियनने १५० अब्ज युरोच्या कर्जाची योजना मंजूर केली, सेफ नावाची, देशांनी एकत्र खरेदी करावी म्हणून. त्यात अट अशी की मालातल्या भागांच्या किमतीचे निदान ६५ टक्के युनियन, नॉर्वेसारखे जवळचे देश किंवा युक्रेन इथले हवेत. त्यामुळे ग्राहक आतापासूनच विचारतात, कनेक्टर कुठला, टेप कुठली, ही नळी कुठली. मी एक एक्सेल करून ठेवलीय. तुम्हीपण करा, मागायची वाट बघू नका.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट शेवटी कळली. त्या वरच्या बाई नंतर एका माहितीच्या कार्यक्रमात भेटल्या, कॉफी घेताना सहज म्हणाल्या, ते ४० स्पेअर सैन्याच्या डेपोने तुमच्याकडून थेट मागवले असते तर जनरल परवान्यावरच गेले असते, सैन्य आहे ना समोर. मी कॉफी खाली ठेवली. पुढच्या ऑर्डरला तसंच केलं, स्पेअर डेपोच्या नावाने, तीन दिवसांत गेले.

गेल्या महिन्यात त्या जुन्या ऑर्डरच्या वर्कशॉपमधून फोन, एका गाडीत उंदराने वायर कुरतडली, एक हार्नेस लागेल. मी म्हटलं अहो ४० दिलेत की स्पेअर. तो म्हणाला, हो, पण ते सैन्याच्या स्टोअरमध्ये गेले, तिथून एक काढायचा तर आमच्याकडे पण एक फॉर्म आहे, त्यापेक्षा तुमच्याकडून नवीन लवकर मिळेल ना?